खुर्ची मिळाली, रंधा कधी?

खुर्ची हा शब्द आपल्या वर्तमानपत्रात रोज भेटतो. कुणाची खुर्ची डळमळली, कुणाची बळकट झाली, कुणी खुर्चीसाठी पक्ष बदलला. या राजकारणाच्या खुर्चीत आपण बायकांनीही आपला वाटा मिळवला. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागा आपल्यासाठी राखीव झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने हा वाटा निम्म्यावर नेला. आज पालघर, डहाणू, तलासरी, जव्हारकडे कितीतरी ग्रामपंचायतींत सरपंचाच्या खुर्चीवर बाई बसलेली दिसते. काही ठिकाणी कारभार अजून नवराच बघतो हे खरं, पण खुर्ची तिच्या नावावर आहे हेही खरं.

मैत्रिणींनो, आज मात्र मला त्या खुर्चीबद्दल लिहायचं नाही. मला लिहायचं आहे ते साध्या, चार पायांच्या लाकडी खुर्चीबद्दल. ती कोण घडवतं? ती घडवायला कोण शिकतं? आणि शिकणाऱ्यांत आपल्यातली एकही का नसते?

आपलं पारंपरिक बसणं म्हणजे पाट, चौरंग, सुंभाची बाज, फार तर ओटीवरचा झोपाळा. खुर्ची हा शब्दही मूळचा अरबी ‘कुर्सी’वरून आलेला. खुर्ची आपल्याकडे आधी आली ती दरबारात, कचेरीत, सावकाराच्या ओटीवर. साहेब खुर्चीत आणि बाकीचे जमिनीवर! म्हणूनच तर खुर्ची म्हणजे सत्ता हा अर्थ आपल्या भाषेत इतका घट्ट बसला. पुढे ती घरोघरी आली. डहाणू-घोलवडकडच्या चिकूच्या वाड्यांतल्या जुन्या बंगल्यांत वेताने विणलेल्या आरामखुर्च्या आल्या, शाळेत मास्तरांची हातांची खुर्ची आली. ह्या सगळ्या गावच्या किंवा शेजारच्या गावच्या सुताराने हाताने केलेल्या. मग प्लास्टिकची खुर्ची आली आणि तिने सगळं मैदान मारलं. स्वस्त, हलकी, एकावर एक रचता येणारी. लग्नमंडपात तिच्याशिवाय पान हलत नाही. पण तिचा एक पाय मोडला की ती सरळ भंगारात जाते. लाकडी खुर्चीचा पाय मोडला तर पाय बदलतो, विणलेली बैठक सैल झाली तर ती पुन्हा विणता येते. मात्र ते करणारा माणूस आता आपल्या गावात शोधून सापडत नाही.

आणि ही गरज संपलेली नाही, उलट वाढली आहे. गुडघे धरलेल्या किती आज्या आता खाली बसू शकत नाहीत! अंगणवाडीतल्या पोरांना बुटक्या खुर्च्या लागतात. बोईसरमध्ये इमारतीमागून इमारती उभ्या राहताहेत आणि प्रत्येक घरात बसायला काहीतरी लागणारच. ते सामान बाहेरून येतं, कारागीर बाहेरून येतात, पैसाही बाहेर जातो.

आता जरा बातम्यांकडे बघू. आपल्या जिल्ह्याचं नाव गेली काही वर्षं मोठमोठ्या आकड्यांबरोबर छापून येतं. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र, शेजारी एमआयडीसीतले रसायनांचे, कापडाचे, औषधांचे कारखाने. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक होणार. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं, खर्च ७६ हजार २२० कोटी रुपये. मच्छीमार बांधवांचा या बंदराला वर्षानुवर्षांचा विरोध आहे आणि त्यांची काळजी खोटी नाही. सरकार म्हणतं, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष मिळून सुमारे १२ लाख रोजगार होतील. होवोत! पण त्यातले आपल्याला कोणते मिळतील, हा प्रश्न विचारायला हवा. कारखाना आला तेव्हा बाईच्या वाट्याला पॅकिंग आणि साफसफाई आली. इमारत उभी राहताना तिच्या डोक्यावर घमेलं आलं. तो मिस्त्री, ती बिगारी. फरक ताकदीचा नाही, हत्याराचा आहे. ज्याच्या हातात हत्यार आणि ते चालवायची विद्या, त्याची मजुरी जास्त.

यावर कुणी म्हणेल, सुतारकाम बाईला झेपायचं नाही. अहो, रानातून डोक्यावर मोळी आणणारी बाई आपण रोज बघतो. आपल्याकडची आदिवासी कुटुंबं दरवर्षी पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात आणि तिथे बाई पोटुशी असली तरी विटा वाहते. तेव्हा कुणी विचारत नाही, झेपेल का म्हणून. हा प्रश्न निघतो तो नेमका मजुरी वाढायची वेळ आली की!

खरं कारण वेगळं आहे. बारा बलुतेदारांत सुतार होता आणि त्याची विद्या बापाकडून लेकाकडे जायची. लेक भुश्शात खेळत मोठी व्हायची, लाकडाचा वासही ओळखायची, पण लग्नात तिच्याबरोबर भांडी गेली, करवत गेली नाही. हत्यार माहेरून सासरी जात नाही, एवढंच ते साधं कारण.

उलट दिशेने मात्र विद्या सहज जाते. आपल्या वारली चित्रकलेचंच बघा. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहायचा मान सवाष्णींचा. ती बायकांचीच कला. १९७० च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली, शहरात विकली जाऊ लागली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हाताला आणि प्रतिभेला नमस्कारच. पण बायकांच्या कलेला बाजार मिळाला तसे पुरुष त्यात आले आणि त्यांना कुणी अडवलं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. अडवू नयेच. मग पुरुषांच्या कामात बाई आली तर तिलाच उंबरठ्यावर का थांबवायचं?

सरकारी योजना याबाबत काय करतात? १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. हाताने आणि हत्याराने काम करणाऱ्या १८ प्रकारच्या कारागिरांसाठी ती आहे आणि त्यात सुतार आहेत. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या दिवसांत रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, नंतर पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि ते फेडलं की दोन लाखांपर्यंत कर्ज. पुढचं प्रशिक्षण १५ दिवसांचं. योजना चांगली आहे, नाव ठेवण्यासारखं त्यात काही नाही. पण आपल्याकडे बायकांमध्ये ती ओळखली गेली ‘शिलाई मशीनची योजना’ म्हणून! कारण १८ कामांत शिंपीकाम आहे आणि बायकांना सांगितलं गेलं तेवढंच.

योजनेच्या दोन अटी नीट वाचायला हव्यात. पहिली, एका कुटुंबातल्या एकाच माणसाला लाभ. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं म्हणजे कुटुंब. आता ज्या घरात नवरा सुतारकाम करतो आणि बायको त्याला घासायला, पॉलिश करायला, बैठक विणायला मदत करते, त्या घरातून कुणाचं नाव जाणार? सांगायची गरज नाही. ती तर ‘मदत करते’, काम तो करतो. दुसरी अट म्हणजे, अर्जदार त्या कामात आधीपासून असला पाहिजे. म्हणजे ही योजना ज्याला येतं त्याला आणखी चांगलं यावं यासाठी आहे. जिला रंध्याला कधी हातच लावू दिला नाही, तिला अगदी पहिल्यापासून शिकवायचं काम ही योजना करत नाही. तिची ती जबाबदारीही नाही. ते काम दुसरीकडे व्हायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, खुर्ची करायला शिकायला असं लागतं तरी किती? सात दिवसांत सरळ रेघ आखून करवत चालवणं आणि पाट करणं जमेल. महिन्या-दोन महिन्यांत स्टूल, चौरंग. खुर्ची त्याच्या पुढची. पाट-चौरंगाला सगळे कोन काटकोन असतात, गुण्या लावला की कळतं. खुर्चीची पाठ मात्र मागे झुकलेली, मागचे पाय तिरके, आणि बसणारा माणूस मागे रेलला की सगळा भार सांध्यांवर येतो. सांधा कच्चा असेल तर खुर्ची आधी कुरकुरते, मग डुगडुगते आणि एक दिवस पाहुण्याला घेऊन खाली बसते! म्हणून एका लाकडात पटाशीने चौकोनी खोबण पाडायची आणि दुसऱ्याचं टोक तिच्यात घट्ट जाईल असं घडवायचं, ही खरी विद्या. खिळा ठोकणं सोपं, पण खिळ्यांवरची खुर्ची फार दिवस टिकत नाही.

लाकूडही ओळखावं लागतं. ओल्या लाकडाची खुर्ची केली तर ते वाळताना आकसतं आणि सांधे सैल होतात. जाडीच्या प्रत्येक इंचाला सावलीत साधारण एक वर्ष वाळवावं, असा जुना हिशेब आहे. आपल्या किनाऱ्यावर तर पावसाळ्यात दारं फुगून अडकतात आणि उन्हाळ्यात फटी पडतात, हे प्रत्येकीला ठाऊक आहे. पायाला लाकूड घेताना त्याच्या रेषा उभ्या हव्यात, आडव्या असतील तर पाय मोडणार. मोठ्या माणसाला बैठक जमिनीपासून साधारण १८ इंच, अंगणवाडीतल्या मुलाला १० ते १२ इंच. आता मला सांगा, यातलं आपल्याला न समजण्यासारखं काय आहे? जी बाई कोणतं सरपण धूर करतं आणि कोणतं चटकन पेटतं हे हातात घेऊन सांगते, तिला सागाचा आणि आंब्याचा फरक कळणार नाही? शेवयांचा वाळवणाचा अंदाज जिला आहे, तिला लाकडाच्या वाळण्याचा अंदाज यायला कितीसा वेळ लागणार!

खुर्चीच्या इतिहासातही आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांतल्या गोल बैठकीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या घाटाची खुर्ची मिखाएल थोनेट या कारागिराने १८५९ साली बाजारात आणली. तिचे लाकडाचे भाग अवघे सहा. ते सुटे करून खोक्यात भरायचे आणि पोचल्यावर स्क्रूने जोडायचे. त्यामुळे झालं काय, की एका माणसाला पूर्ण खुर्ची येण्याची गरज उरली नाही. एकजण पाय करी, एकजण पाठ, कुणी बैठक विणी. आपल्याकडे वाफेवर लाकूड वाकवायचे कारखाने नकोत, पण कामाची ही वाटणी बचत गटाला किती सोयीची आहे बघा. दहाजणींपैकी दोघी कापणाऱ्या, तिघी सांधे करणाऱ्या, दोघी घासणाऱ्या, दोघी विणणाऱ्या आणि एक हिशेब ठेवणारी. पुढे हळूहळू कामं बदलून घ्यावी, म्हणजे सगळ्यांना सगळं येईल.

बायका शिकल्याची उदाहरणं आहेत. सावंतवाडीची लाकडी खेळणी, लाखेच्या रंगांचं काम आणि गंजिफा ही कला विझत चालली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी एका वृद्ध चितारी कलावंताकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या, पण राजवाड्याच्या त्या दालनात नंतरही हात चालू राहिले. राणी म्हणून त्यांना कुणी ‘हे बायकांचं काम नव्हे’ म्हणालं नसेल. पण शिकायची पद्धत सगळ्यांना सारखीच, जाणत्या माणसाच्या शेजारी बसून बघायचं आणि करायचं.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथून शाळांमध्ये जे मूलभूत तंत्रज्ञानाचं शिक्षण गेलं, त्यात मुलगे आणि मुली एकच काम करतात. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा स्वयंपाकघरातलं करतो. केरळात कोट्टायम जिल्ह्यातल्या एट्टुमानूरच्या अर्चना विमेन्स सेंटरने गरीब बायकांना गवंडीकाम आणि सुतारकाम शिकवलं. आणि लांब कशाला, आपल्याच वसई तालुक्यात भालिवलीला विवेक ग्रामविकास केंद्रात आदिवासी बायका बांबूच्या वस्तू करायला शिकल्या, त्यांचे आकाशकंदील शहरात गेले. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेर, स्वतःच्या शेतात वाढवलेला बांबू ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे तो तोडण्या-नेण्याची कटकट कमी झाली. ज्यांना सागाचं लाकूड परवडत नाही, त्यांनी बांबूच्या खुर्चीपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

सागाबद्दल एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. आपल्या शेतातला साग असला तरी तो परवानगीशिवाय तोडता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी तर १९६९ चा वेगळा कायदा आहे, तो व्यापाऱ्यांकडून होणारी फसवणूक थांबवण्यासाठी केलेला. तेव्हा लाकूड घेताना पावती घ्यावी. शिकायला मात्र महाग लाकूड लागतच नाही. कारखान्यात माल ज्या लाकडी चौकटींवर आणि खोक्यांतून येतो, ते लाकूड हात बसवायला उत्तम. फक्त त्याच्यावरचा शिक्का बघायचा. परदेशातून आलेल्या लाकडावर इंग्रजीत ‘एचटी’ अशी अक्षरं असतील तर ते उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं, ते घ्यावं. ‘एमबी’ असेल तर त्यावर विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते, ते नको. आणि रसायनांचे डाग पडलेलं लाकूड तर चुलीतही घालू नये, मग ते पोरांच्या खुर्चीला कसं चालेल? आपण तारापूरच्या शेजारी राहतो, एवढं भान हवंच. लाकडाचा बारीक भुस्साही फुप्फुसाला वाईट, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो कर्करोगाच्या कारणांत धरला आहे. घासताना नाकातोंडाला मास्क लावायचाच.

आता करायचं काय? आयटीआयमध्ये लाकूडकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आठवी पास मुलीला त्याला अर्ज करता येतो, आणि सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. निकालानंतर मुलीचा फॉर्म भरताना जवळच्या आयटीआयमध्ये कोणकोणती कामं शिकवतात हे एकदा स्वतः जाऊन विचारा. ‘मुलींसाठी काय आहे’ असं विचारू नका, कारण मग शिवणच सांगतील. ‘काय काय आहे’ असं विचारा.

ज्यांचं शाळेचं वय गेलं त्यांच्यासाठी वाट ग्रामपंचायतीतून जाते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बहुतेक वेळा त्यातून शिलाई मशीन येतात नाहीतर शिवणवर्ग निघतो. शिवणाला कमी लेखायचं नाही, त्यावर कितीतरी घरं चालली. पण एकाच गल्लीत पंधराजणींना शिवण येत असेल तर ब्लाउजची शिलाई वाढणार कशी? ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती कागदावर होऊ देऊ नका, खरोखर भरवा. तिथे ठराव करा, की यंदा त्या पैशातून रंधा, करवत, पटाश्या, गुण्या, शिकंजे अशी हत्यारांची एक पेटी गटासाठी घ्यावी. गावातल्या किंवा तालुक्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या सुताराला मानधन देऊन सहा महिने शिकवायला बोलवावं. त्या बाबांकडे विद्या आहे, पण त्यांची मुलं कारखान्यात गेली. ते गेले की त्यांच्याबरोबर ती विद्याही जाईल.

पहिलं गिऱ्हाईकही गावातच आहे. याच भागात १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून मुलांची साधनं करून दाखवली. त्यांच्या जिल्ह्यातल्या अंगणवाडीला बुटक्या खुर्च्या हव्या असतील तर त्या गावातल्या गटाकडून का घेऊ नयेत? मोडल्या तर दुरुस्त करायलाही माणूस जवळ.

आणि विश्वकर्मासारख्या योजनेचा फॉर्म घरात आला की त्यावर नाव कुणाचं घालायचं, यावर घरात बोला. नवऱ्याच्या कामाला हातभार लावणारीला ‘मदत’ म्हणायचं सोडून ‘काम’ म्हणायला आपणच सुरुवात करू. त्या योजनेत गावच्या अर्जाची पहिली छाननी ग्रामपंचायत करते. म्हणजे जिच्या गावात सरपंच बाई आहे, तिथे तो कागद बाईच्याच टेबलावर येतो. सही करण्याआधी सरपंचताईंनी एवढंच विचारावं, या घरातली बाई काय काम करते? तिला काय शिकायचं आहे? आरक्षणाने आपल्याला खुर्ची दिली ती असे प्रश्न विचारायलाच.